बांबोळीहून परतताना

आज मामाला घेऊन बांबोळीच्या सरकारी इस्पितळात गेलो होतो. कॅन्सर हाडांत उतरलाय, रात्र रात्र कण्हतो बिचारा. निघताना मावसभावाने कानाशी येऊन सांगितलं, "हणजूणला गांजाचं तेल मिळतं, दोन थेंबांत दुखणं गायब." (गोव्यात हा सल्ला फुकट मिळतो. शेजाऱ्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे तज्ज्ञ!)

धीर करून डॉक्टरीणबाईंना विचारलंच. रागावल्या नाहीत, उलट खुर्ची ओढून बसल्या. परदेशात नॅबिक्सिमॉल्स नावाचा तोंडात मारायचा फवारा मिळतो. त्यात गांजातली दोन द्रव्यं, नशा आणणारं टीएचसी आणि नशा न आणणारं सीबीडी, जवळपास सारखीच. मॉर्फिनसारख्या औषधांनीही न शमणाऱ्या कॅन्सरच्या वेदनेवर त्याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. वेदनेच्या मुख्य निकषावर मात्र तो औषध नसलेल्या फवाऱ्यापेक्षा ठोस सरस ठरला नाही. चक्कर आणि गुंगी मात्र येते. आणि बाटलीतल्या त्या तेलात टीएचसी किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय १९८५ चा अमली पदार्थ कायदा आहेच.

मी जरा हिरमुसलोच, खरं सांगतो.

मग त्यांनी मॉर्फिनच्या गोळ्यांचं वेळापत्रक नव्याने लिहून दिलं. दर चार तासांनी, दुखण्याची वाट न बघता. सोबत पोट साफ राहण्याचं औषध. मामा इतके दिवस "सवय लागेल" म्हणून गोळ्या चुकवत होता, हे तिथे कळलं!

आत्ता साडेनऊ. पेज आणि लोणचं खाल्लं त्याने. रात्री दोनच्या गोळीसाठी गजर लावलाय.