सीआरसीचा घोळ सापडला, पण आता लेटन्सी (लागणारा उशीर)

सापडला एकदाचा! माझ्या लिनक्स फाइल सिस्टिमची चाचणी घेताना क्यूईएमयू (नकली मशीन चालवणारा प्रोग्रॅम) मध्येच मारला की पुढच्या माउंटला अधूनमधून एखाद्या ब्लॉकचा सीआरसी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळायचा नाही, तो प्रकार आता हवा तेव्हा घडवून आणता येतो. एफआयओला (डिस्कवर भार टाकून बघायचं साधन) एमएमॅप इंजिन लावायचं, म्हणजे फाइल मेमरीत जोडून थेट तिथेच लिहायचं, बस्स.

दोन हेक्सडंप (ब्लॉकमधल्या बाइटांच्या याद्या) शेजारी ठेवल्यावर उजेड पडला. ४०९६ पैकी ४०८८ बाइट तंतोतंत. फक्त ८ बाइटांचा काउंटर एकाने पुढे. म्हणजे डिस्क निर्दोष. राइटपेजेसमध्ये (मेमरीतली पानं डिस्कवर पाठवणारं फंक्शन) पान लॉक होतं, सीआरसी निघतो, राइटबॅकची (डिस्कवर लिहिणं चालू असल्याची) खूण लागते, लॉक सुटतं, बायो (डिस्ककडे जाणारी विनंती) रवाना होतो. लॉक सुटल्यापासून डीएमए (मेमरीतून थेट डिस्ककडे नेणारी यंत्रणा) डेटा उचलेपर्यंत एमएमॅपवाला प्रोसेस त्याच पानावर लिहून जातो. पान पुन्हा डर्टी (डिस्कवर लिहायचं बाकी) होत असल्याने पुढच्या राइटबॅकला नवा सीआरसी जातो आणि सगळं बुजतं. नेमकं त्या फटीत मशीन मेलं, तरच दिसणार!

मग आयओ संपेपर्यंत लॉकच धरून ठेवावं का? मला अजिबात पटत नाही. पेज फॉल्टलाही (प्रोसेसला पान जोडून देताना) तेच लॉक लागतं, त्यामुळे नुसतं वाचायला आलेलाही डिस्कसाठी ताटकळेल. थांबावं ते लिहिणाऱ्याने. लिनक्स ३.० ने (२०११) सरसकट सगळ्यांना थांबवलं, लेटन्सीच्या तक्रारी आल्या, ३.९ पासून (२०१३) ज्याला स्थिर (लिहिली जात असताना न बदलणारी) पानं हवीत त्याच्यापुरतंच थांबणं उरलं. आज त्यासाठी फिल_सुपरमध्ये (माउंट होताना चालणारं फंक्शन) एसबी_आय_स्टेबल_राइट्स ही खूण, एवढी एकच ओळ. ती घातली आणि रात्रभर क्यूईएमयू मारत राहिलो. एकही सीआरसी चुकला नाही. तो स्वच्छ लॉग बघून जे समाधान मिळालं!

आता अडकतोय लॉग लिहिणारा प्रोग्रॅम. फोलिओ_वेट_स्टेबलवर (लिहिणारा थांबतो ते फंक्शन) बीपीएफट्रेसचा (चालू कर्नलमध्ये मोजमाप करणारं साधन) हिस्टोग्राम काढला, तर फिरत्या डिस्कवर शेपूट भलतीच लांब, म्हणजे काही वेळा फारच थांबावं लागतं. (बीपीएफट्रेस अजून शिकला नसाल तर शिकाच. कोडमध्ये प्रिंटके (संदेश छापणाऱ्या ओळी) टाकून हे दिसलं नसतं.)

विचार असा होता की राइटबॅकला पानाची कॉपी काढायची आणि सीआरसी कॉपीचा घ्यायचा. ४ केबीची कॉपी स्वस्त आहे, पण मेमरी संपत आलेली असतानाच राइटबॅकला आणखी मेमरी मागायची, म्हणजे मेमपूल (आधीच राखून ठेवलेली मेमरी) आला. हे लिहितानाच आठवलं: लिनक्स ६.७ पासून स्थिर पानांची ही खूण मॅपिंगवरही (म्हणजे एकेका फाइलवरही) लावता येते, एक्सएफएस (दुसरी एक फाइल सिस्टिम) रिअलटाइम डिव्हाइससाठी तेच करतं. लॉगच्या प्रत्येक नोंदीत तिचा स्वतःचा सीआरसी असतोच, मग त्या फाइलींना आपला कशाला? म्हणजे कॉपी बाजूला, त्या फाइली ओळखायला इनोडमधला (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) राखीव बिट कामाला. बिट बदलण्याआधी फाइलची डर्टी पानं लिहून घेऊन राइटबॅक संपू द्यावा लागेल, तोवर नवं कोणी लिहायला नको. आधी तेच लिहायला घेतो.