अंबाझरीची गरी, अगत्तीची रेती

लहानपणी मामासोबत नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गरी टाकून बसायचो, तेव्हा तो दर खेपेला बजावायचा, "मिशीवाला मासा मिशीनं जेवते रे, डोळ्यानं नाई. गांडूळ तळाले टेकू दे." ते वाक्य यंदा लक्षद्वीपला गोटफिश नावाचा मिशीवाला समुद्री मासा धरताना कामी आलं.

लक्षद्वीपला जायचा परवाना आधीच काढला होता. नागपूरहून कोची, तिथून छोट्या विमानानं अगत्ती. बेटाच्या पश्चिमेला खाडीसारखं शांत, उथळ पाणी, आणि त्यापलीकडे लाटा अडवणारी प्रवाळाची भिंत. ज्या नाववाल्याबरोबर गेलो तो मल्याळी बोलणारा, आमचं सगळं मोडक्या हिंदीत आणि खुणांनी. त्यानं नाव प्रवाळावर नाही, दोन प्रवाळांमधल्या पांढऱ्या रेतीवर थांबवली. हातदोरी, हलकं शिसं, लहान गळ आणि कोळंबीचा तुकडा. गोटफिशचं तोंड लहान असतं, मोठा गळ त्याला घेता येत नाही.

स्वच्छ पाण्यात सगळं वरूनच दिसत होतं. हनुवटीखालच्या दोन मिशा रेतीत खुपसत, धुरळा उडवत एक मासा चालला होता. मागून दुसऱ्या जातीचे दोन लहान मासे उडालेलं किडूक-मिडूक टिपत होते. हाच गोटफिश. त्याच्या मिशांना चव कळते. रेतीत दडलेले किडे, खेकडे तो त्यांनीच हुडकतो आणि काम झालं की मिशा गळ्याखालच्या खाचेत मिटून ठेवतो.

दोरीला आधी टकटक, मग ओढ. वर आलेल्या माशाला मी सवयीनं गोड्या पाण्यातल्या शिंगाडा माशासारखं जपून धरलं. शिंगाड्याचा काटा हातात घुसला की दिवसभर ठणकतो. पण याला तसले काटे नाहीत, अंगभर मोठे खवले, आणि पाठीवर दोन वेगवेगळे पर. मिशा पाहून घराणं कळतं, जात मात्र खुणेवरून. याला तोंडापासून डोळ्यावरून मागे जाणारी काळी रेघ होती आणि शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका: डॅश अँड डॉट गोटफिश. दुसऱ्याच्या पाठीवर पिवळा डाग, शेपटीपाशी काळा ठिपका. तो इंडियन गोटफिश. खुणा लगेच पाहून घ्याव्यात. मेल्यावर यांच्यातले कित्येक लालसर पडतात. जिवंतपणीही दिवसाचा रंग वेगळा, रात्रीचा वेगळा. निव्वळ रंगावर भरवसा ठेवणारा फसतो. मी पहिल्या माशाचा फोटो काढेपर्यंत त्याची रेघ फिकट झाली होती, याची मला अजून हळहळ वाटते.

परत आल्यावर मामाला फोटो दाखवले. त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन मिशा निरखल्या.

"पाणी एवढं साफ, त मिशा कायले पायजे त्याले?"

"जेवण रेतीखाली असते ना, मामा."

"मंग," तो म्हणाला आणि पुढचा फोटो सरकवला.