छपराकडून पायाकडे : आमची वाटचाल

आमच्या वर्कशॉपची सुरुवात फाटके, जिने आणि ग्रिलच्या कामांनी झाली. बागेतले गझिबो, म्हणजे खांबांवर उभी उघड्या बाजूंची छपरे, आमच्याकडे आले ते दुरुस्तीला, तेही वादळ येऊन गेले की. मोडका सांगाडा टेम्पोतून उतरवता उतरवता मालकाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असे : "पाइप हलका होता, आता जाड गेजचा लावा." प्रत्यक्षात पाइप आपणहून वाकल्याचे क्वचितच दिसे. कोपऱ्यातले वेल्डिंग सुटलेले असे, बेसप्लेटचे, म्हणजे खांबाच्या बुडाच्या लोखंडी पाटीचे, बोल्ट उपटलेले असत, आणि पाइप वाकलेला असलाच तर तो गझिबो उडून आपटल्यामुळे. हे वारंवार दिसू लागले तसा आमचा धंदा छपराकडून पायाकडे सरकत गेला.

वारा गझिबोला ढकलतो, असे सगळ्यांना वाटते. ढकलतो हे खरेच, पण घात होतो तो उचलण्याने. उघड्या बाजूंनी आत शिरलेली हवा छपराला खालून रेटते आणि वरून वेगाने जाणारी हवा त्याला ओढून घेते. दोन्ही जोर एकाच दिशेला. शिवाय हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्याला दर चौरस मीटरवर सुमारे ६ किलोचा भार येतो. ताशी ७२ ला तो १२ नव्हे, २५ किलो होतो. तीन बाय तीन मीटरच्या छपराचा ढोबळ हिशेब सव्वादोनशे किलोवर जातो. घडीच्या कापडी गझिबोचे स्वतःचे वजन यात पासंगालाही पुरत नाही.

मग धरून ठेवायचे कशाने? बरेच जण फरशीत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, मारतात आणि निर्धास्त होतात. पण वाळूवर बसवलेली दोन फुटी, ५ सेंटीमीटर जाडीची सिमेंटची फरशी जेमतेम ४३ किलोची असते. बोल्ट कितीही पक्का असो, फरशीसकट वर येतो. आम्ही प्रत्येक खांबाखाली ४५ सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन काँक्रीट ओततो आणि त्यातच जे-बोल्ट (खालून आकड्यासारखा वाकवलेला बोल्ट) सोडतो. असा एक ठोकळा दोनशे किलोच्या वर भरतो. चार मिळून पावणेनऊशेच्या आसपास. भुसभुशीत किंवा पाणी धरणाऱ्या मातीत ठोकळा आणखी मोठा घेतो.

अडचण कामाची नव्हती, पैशांची होती. जमिनीत पुरायच्या गोष्टीला पैसे मोजताना कोणाचाही हात आखडतो. म्हणून आम्ही कोटेशनमध्ये पाया वेगळा दाखवणे बंद केले. वेगळा दाखवला की पहिली कात्री त्यालाच लागते. पायाशिवाय गझिबो हवा असेल तर तो दुसरीकडून घ्यावा, असे आम्ही सरळ सांगतो.

सांगाड्यातले बदल त्यामानाने सोपे होते. खांब आणि वरची पट्टी यांच्या कोपऱ्यात तिरके आधार दिले की चौकट कलंडत नाही. वारा नट हळूहळू सैल करतो, त्यामुळे सगळीकडे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असल्याने सैल न होणारे. पॉलिकार्बोनेट शीट उन्हात प्रसरण पावते, म्हणून भोक थोडे मोठे आणि त्यावर रुंद वॉशर. नाहीतर भोकाच्या कडेने चीर जाते आणि पुढच्या वाऱ्यात शीट फाटते.

पडद्यांवरून मात्र ग्राहकांशी आजही वाद होतात. दिसायला सुंदर, पण वाऱ्याची बाजू उघडी ठेवून बाकीच्या बंद केल्या की अख्खा गझिबो शिडासारखा फुगतो. त्यामुळे आमचे पडदे बंदाने बांधलेले नसतात; ठरावीक जोर आला की सुटणाऱ्या चिकटपट्टीवर असतात. पडदा गेला तरी सांगाडा राहतो. कापडी छपराला वर झरोका ठेवून त्यावर छोटे दुसरे छप्पर देतो, म्हणजे आत कोंडलेल्या हवेला वाट मिळते.

घडीचे गझिबो आम्ही विकतो, पण सूचनांसकट. गझिबोच्या पायांना बांधायचे वजन पाण्याचे असेल तर २० लिटरच्या कॅनचे २० किलो. तेवढ्याच कॅनमध्ये वाळू भरली तर साधारण तीस. ते घट्ट बांधायचे, लोंबते ठेवायचे नाही. ताणदोर पॉलिएस्टरचे घ्यावेत, कारण नायलॉन ओले झाले की ताणले जाते. खुंटी गझिबोपासून बाहेर कललेली ठोकायची. एवढे करूनही घडीचा गझिबो वादळात उभा ठेवायचा नसतोच. कधी उतरवायचा, यासाठी आम्ही ब्यूफोर्टचे मोजमाप वापरतो; त्यात वाऱ्याचा जोर आजूबाजूच्या खुणांवरून पायऱ्यांत ठरवतात. ते १८०५ साली जहाजांसाठी आखले गेले, जमिनीवरच्या खुणा पुढे जोडल्या गेल्या. पानांनी भरलेली लहान झाडे डुलू लागली की पाचवी पायरी, म्हणजे ताशी २९ ते ३८ किलोमीटर. तिथेच कापड काढायचे. सहाव्या पायरीवर छत्री सांभाळणे कठीण होते, तेव्हा चार माणसांनाही घडी घालता येत नाही.

आडोसा म्हणून भिंत बांधू का, असे विचारणारे खूप. भरीव भिंतीवरून वारा उडी मारतो आणि मागे भोवरे धरतो. निम्मी हवा जाऊ देणारे कुंपण किंवा झुडपांची रांग बरी.

अलीकडे नव्या गझिबोंइतकेच काम वार्षिक तपासणीचे असते : नट आवळणे, खांबाच्या बुडाशी गंज बघणे, लाकडी खांब मातीपासून वर उचललेल्या लोखंडी बुटात आहे ना ते पाहणे. गच्चीवरच्या गझिबोला मात्र, वॉटरप्रूफिंगला भोक न पाडता किती वजन ठेवायचे याचा इंजिनिअरचा कागद असल्याशिवाय, आम्ही हात लावत नाही. त्यापायी कामे हातची जातात. जातात तर जातात.