रुग्णाने वाचलेली माझी नोंद

गेल्या मंगळवारी सत्तरीतल्या एका गृहस्थांनी खुर्चीत बसण्याआधीच मोबाईल माझ्यासमोर धरला. "मी दारू पीत नाही असे मी सांगितले होते; तुम्ही मात्र 'पेशंट डिनाइज अल्कोहोल' असे लिहिले आहे. मी खोटे बोलतो असे तुम्हाला वाटते का?"

आपल्याकडे आपण 'नो हिस्ट्री ऑफ' लिहितो. 'डिनाइज', म्हणजे 'नाकारतो', हा शब्द मी इथे अमेरिकेत रेसिडेन्सीला, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाला, आल्यावर वरिष्ठांच्या नोंदी पाहून मोठ्या हौसेने उचलला होता. आरोपीनेही आरोप याच शब्दाने नाकारायचे असतात, हे ध्यानात आले नव्हते.

२०१६ च्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स अ‍ॅक्टखालील नियम ५ एप्रिल २०२१ पासून लागू झाले आणि डॉक्टरांच्या बहुतेक नोंदी रुग्णांना विनाविलंब, विनाशुल्क पाहता येऊ लागल्या. मी सही केली की रुग्ण पार्किंगपर्यंत पोहोचण्याआधीच माझे म्हणणे त्याच्या फोनवर पोहोचलेले असते.

आपल्याकडे केसपेपर रुग्णाच्याच पिशवीत असतो, हे मी इथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगते. त्यावरचे आमचे अक्षर आणि 'सीएसटी', म्हणजे 'कंटिन्यू सेम ट्रीटमेंट', त्याला उलगडत नाही, हे सांगण्याचे टाळते. तरीही एका सकाळी शंभरावर रुग्ण तपासणाऱ्याने याहून अधिक काय लिहावे, हे वीस मिनिटांची अपॉइंटमेंट देणाऱ्यांनी मला शिकवू नये.

आणि इथले लिखाण तरी कुठे आदर्श आहे? टिंब देऊन पुढे एक शब्द टाइप केला की तपासणीचा अख्खा परिच्छेद तयार उमटतो, कालची नोंद जशीच्या तशी आजच्या नोंदीत ओढता येते, आणि चार पाने चाळल्यावरही रुग्णाला आज नेमके काय होते आहे ते सापडत नाही. मधुमेहामुळे गुडघ्याखाली एक पाय कापलेल्या रुग्णाच्या नोंदीत 'दोन्ही पावलांच्या नाड्या व्यवस्थित' हे वाक्य असेच माझ्या सहीनिशी गेले होते. चूक माझीच, कारण सही करण्यापूर्वी साचा वाचायचा असतो. पण केसपेपरवरच्या माझ्या दोन ओळी निदान रुग्णाकडे पाहून लिहिलेल्या असत. हल्ली संभाषण ऐकून नोंदीचा मसुदा करणारी यंत्रणाही मिळाली आहे. त्या मसुद्यात मी आधी 'डिनाइज' शोधते.

त्या गृहस्थांची मी क्षमा मागितली आणि त्यांच्यासमोरच पुरवणी जोडली: 'रुग्ण दारू पीत नाहीत.' मूळ वाक्य पुसता येत नाही. ते तारीख, वेळ आणि माझ्या नावासह वर तसेच राहिले. त्यांनी दोन्ही वाचले, चष्मा खिशात ठेवला आणि रक्तदाब मोजण्यासाठी बाही वर केली.