पहिला तांब्या पायावर

सुईदोरा शोधायला कपाटाचा खालचा ड्रॉवर उपसला, तर कोरोनातला ऑक्सिमीटर हाती लागला. सेल अजून जिवंत होते. बोटाला लावला. ९८. उगाच बरं वाटलं. त्या दिवसांत बेळगावात, वडगावच्या आमच्या गल्लीत चहापाण्याच्या आधी हाच आकडा विचारला जायचा, "कितीवर आहे वो तुमचं?" आता कुणी विचारत नाही.

भाचा तिथंच फरशीवर उताणा पडून छातीचा भाता करून श्वास ओढत होता. हे त्याचं हल्लीचं खूळ. "आत्या, मला लाव. बघ ऑक्सिजन कसा वाढतोय." लावला. ९९. एका अंकासाठी एवढी धापाधाप!

रक्त आधीच भरलेलं असतं, त्यात आणखी कोंबणार कुठं? जोरजोरात श्वास घेतला की वाढत काहीच नाही, उलट कार्बन डायऑक्साइड कमी होतो. तो उतरला की रक्त जरा अल्कलीकडं झुकतं, बोटांना मुंग्या येतात, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि डोकं हलकं होतं. भाच्याला ते हलकं होणं फार वरच्या पायरीचं वाटतं. आणि श्वास घ्यायची आतली तगमग मुख्यतः ऑक्सिजन संपला म्हणून होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून होते. तोच आधी फुंकून टाकला की श्वास रोखून आरामात पडता येतं. भाचा मोबाइलवर सेकंद मोजतो आणि सगळ्यांना सांगतो. आमच्या योगाच्या वर्गात याच्या जवळपासचं काहीतरी सतरंजीवर बसून निमूटपणे चालतं, त्याचे सेकंद कुणी सांगत सुटत नाही.

इथवर माझी हरकत नव्हती. पण परवा त्यानं फिश मार्केटमधनं बर्फाची लादी आणली, फोडून गच्चीवरच्या निळ्या पिंपात टाकली आणि चड्डीवर आत बसला. पिंप पाण्याचं. भरून ठेवलेलं. आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही, हे ज्यानं लहानपणापासून पाहिलंय त्यानं प्यायच्या पाण्यात बसावं? मी ओरडले, तर आतून दात वाजवत म्हणतो, "सायन्स आहे आत्या!"

सायन्स आहे, हे खरं आहे. मी वाचलं, वाचल्याशिवाय भांडायचं नाही एवढी शिस्त मला आहे. नेदरलँड्सचा विम हॉफ नावाचा गृहस्थ, बर्फात बसण्याबद्दल प्रसिद्ध. त्याच्याकडं शिकलेली माणसं निजमेगेनच्या विद्यापीठानं तपासली आणि २०१४ साली निकाल छापला. चोवीस निरोगी तरुण, बारा शिकलेले, बारा न शिकलेले. सगळ्यांना जिवाणूंच्या विषाचं इंजेक्शन, म्हणजे ताप, थंडी, डोकेदुखी ठरलेली. शिकलेल्यांच्या अंगात अ‍ॅड्रेनालिन चढलं, सूज आणणारी द्रव्यं कमी निघाली आणि त्यांना त्रासही कमी झाला. नंतरच्या प्रयोगात असं दिसलं की त्यातलं मुख्य काम श्वासाचं. बर्फ जोडीला असला तर परिणाम वाढतो, नुसत्या बर्फानं फारसं हलत नाही. हे मी भाच्याला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं. माझं पिंप वाचावं म्हणून.

लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं ते १९२४ साली, प्राणायाम प्रयोगशाळेत नेऊन तपासायला. म्हणजे या डच प्रयोगाच्या बरोबर नव्वद वर्षं आधी. पण लोणावळा जवळ पडतं. जवळच्याचं कौतुक करायची आपल्याकडं पद्धत नाही.

डोपामिनचंही तेच, म्हणजे उत्साह वाढवणाऱ्या द्रव्याचं. "अडीचशे टक्के वाढतं आत्या." वाढतं. पण हा आकडा ज्यातला, त्या २००० सालच्या प्रयोगातली माणसं चौदा अंशांच्या पाण्यात गळ्यापर्यंत तासभर बसली होती. हा दोन मिनिटांत उडी मारून बाहेर येतो आणि अडीचशे टक्के मागतो.

मला आवडला तो दुसराच डच प्रयोग. त्यांनी तीन हजारांवर लोकांना अंघोळीच्या शेवटी गार पाण्याखाली उभं केलं. कुणाला तीस सेकंद, कुणाला साठ, कुणाला नव्वद, आणि तुलनेसाठी काहींना अजिबात नाही. २०१६ साली निकाल आला. गार पाणी घेणाऱ्यांच्या आजारपणाच्या रजा २९ टक्क्यांनी कमी. वा! पण पुढं वाचावं, तर आजारी असण्याचे दिवस मात्र तेवढेच. म्हणजे सर्दी तीच, ताप तोच, माणूस कामावर गेला एवढंच. आमचे आप्पा जन्मभर गार पाण्यानं न्हाले आणि जन्मभर शिंकत शिंकत ऑफिसात गेले. त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांचा अभ्यास कुणी केला असता तर कळलं असतं.

तर, शॉवर. शॉवरवर माझा राग जुना आहे. तो थेट डोक्यावर सुरू होतो. आमच्याकडं पहिला तांब्या पायावर, दुसरा गुडघ्यावर, मग हात, मग तोंडावर पाण्याचा हबका, आणि शेवटी डोकं. आजी असं न करणाऱ्याला न्हाणीतनं परत बोलवायची. गार पाणी एकदम अंगावर आलं की कातडीतल्या संवेदना अशी काही बोंब ठोकतात की माणूस न विचारता मोठा श्वास आत ओढतो आणि पुढं धाप लागते. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, दोन-तीन मिनिटांत ओसरतं. याच्यावर उपाय एकच, श्वास बाहेर सोडत राहायचं. आणि माणूस श्वास बाहेर सोडतोय की नाही हे भिंतीपलीकडच्याला कळायचं असेल, तर त्यानं तोंडानं काहीतरी म्हणायला पाहिजे. म्हणूनच मला न्हाणीत गप्प राहणारी माणसं आवडत नाहीत. कसली ती अंघोळ! आप्पा "हर हर गंगे" असे गरजायचे की समोरच्या घरातलं पोर उठायचं.

आजी कार्तिकात पहाटे न्हायची. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं, कणकुंबीच्या बाजूचं. पाऊस सरला की तिकडं लगेच हुडहुडी भरते. गंमत म्हणजे त्या पहाटे विहिरीचं पाणी कोमट लागायचं, वाफा निघायच्या. जमिनीखालच्या पाण्याला आपल्या थंडीचं काही देणंघेणं नसतं. गार ते रात्रभर अंगणात भरून ठेवलेल्या हंड्यातलं. आजीला नेमकं तेच हवं असायचं. सोपं केलं तर पुण्य कसलं? तांब्या उचलला की तिचं सुरू व्हायचं, "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति..." नर्मदा, सिंधू, कावेरी झाल्या की श्लोकातल्या नद्या संपतात. आजीच्या संपायच्या नाहीत. ती त्याच दमात "मलप्रभे घटप्रभे, मार्कंडेये" जोडायची. मलप्रभा तर आमच्या कणकुंबीत उगम पावते. घरची नदी वगळून लांबच्या सात बोलवायच्या हे तिला पटायचं नाही. नद्या वाढल्या तसा एका दमाचा सुस्कारा लांबत गेला. संस्कृत बिघडलं असेल, पण बाई कधी दचकली नाही.

२००१ साली इटलीतल्या संशोधकांनी तेवीस जणांना लॅटिनमधली रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, म्हणायला लावली आणि "ओम मणि पद्मे हुम्"ही म्हणायला लावलं. दोन्हीत श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि त्या लयीत हृदयाची आणि रक्तदाबाची चढउतार एका तालात चालू लागली. श्वास आत घेताना नाडी जरा धावते, सोडताना सावकाश होते, हे कुणालाही मनगट धरून बघता येतं. कॅम्पात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा शेजारच्या मावशी संध्याकाळी कोंकणीत रोझरी म्हणायच्या आणि इकडं आजीची जपमाळ चालायची. दोघींची एकमेकींबद्दलची मतं फारशी चांगली नव्हती. पण त्या वेळेला दोन्ही घरांत कुणी भांडत नसे, एवढं मला आठवतं. मला वाटतं या सगळ्या प्रकरणात टिकाऊ म्हणावी अशी गोष्ट ही एवढीच, लांब सोडलेला श्वास. बर्फ नसला तरी चालतो, पिंप नसलं तर फारच चालतं.

खरं तर मला यावर आणखी काहीतरी म्हणायचं होतं. पण गार पाणी म्हटलं की मला विहीर आठवते, आणि विहीर आठवली की काका.

काकांनी वाडीतल्या सगळ्या पोरांना पोहायला शिकवलं, पोरींनाही. आमच्या मोठ्या आत्यांचा विरोध होता, काका म्हणाले, "पोरगी बुडाली तर तुझं सोवळं काढतंय व्हय तिला वर?" पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे आणि मागनं ढकलायचे. मी पडले तेव्हा श्वास जो आत गेला तो आतच अडकला. डोळे पांढरे. वरनं काकांचा आवाज, "वरड! वरड की गं भवाने!" मी किंचाळले. आणि किंचाळल्यावर हात हलायला लागले. काकांच्या शिकवणीत एवढाच पहिला धडा होता. हात कसे मारायचे, पाय कसे झाडायचे हे दुसऱ्या दिवशी. आधी वरडायला शिका.

मोठी पोरं बुडीची शर्यत लावायची. तळाचा दगड घेऊन कोण वर येतो, कोण जास्त वेळ खाली राहतो. कुणीतरी शोध लावला की उडी मारायच्या आधी पायरीवर बसून भराभरा फुंकलं की जास्त वेळ राहता येतं. खरंच राहता यायचं. सगळे फुंकायला लागले. वरच्या पायरीवर ओळीनं बसलेली पोरं, धापा टाकणारी, मग एकेक धप्पकन आत. मी काठावर बसून आकडे म्हणायचे. तेवढंच काम मला दिलं होतं.

एका उन्हाळ्यात वरच्या आळीतला एक मुलगा गेला आणि माझे आकडे संपेनात. सगळ्यांना वाटलं, जिंकतोय. मीही मोठमोठ्यानं म्हणत होते. काका मोटेच्या बाजूला दोर वळत बसले होते. त्यांनी आकडा ऐकला आणि कपड्यानिशी उडी घेतली. केस धरून वर आणलं. पोरगा निळा पडला होता. पालथं घातलं, पाठीत बुक्क्या मारल्या, तेव्हा पाणी ओकला आणि रडायला लागला. जगला. आता नातवंडं आहेत त्याला.

जरा सावरल्यावर काकांनी विचारलं, "अरे, दम लागल्यावर वर यायचं कळत नाही व्हय?"

तो म्हणाला, "दम लागलाच नव्हता. बरं वाटत होतं की."

त्या दिवसापासून काकांनी फुंकून पाण्यात उतरणाऱ्याला विहीर बंद केली. शर्यतही बंद. कारण विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि विचारलं असतं तरी काकांना ते सांगता आलं नसतं.