तुम्ही विचारलंत म्हणून: आधी कोच की आधी क्वार्टरबॅक?

“तुमची ती बेअर्स दर दोन-तीन वर्षांनी एक तर कोच हाकलते, नाहीतर क्वार्टरबॅक. मग आधी नेमकं काय शोधायचं असतं?”

कुणाकडे जेवायला गेलो आणि शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉलच्या टीमची माझी निळी-नारिंगी टोपी यजमानांच्या नजरेला पडली, की वरण-भात वाढता वाढता हा प्रश्न येतोच. बहुतेकांना उत्तर नको असतं, थोडी गंमत हवी असते. मी मात्र सुरू होतो आणि बायको टेबलाखालून पाय मारते. आता तुम्ही विचारलंत म्हणून, आणि पाय मारायला ती शेजारी नाही म्हणून, सविस्तर सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर समोरासमोर आले की आमच्या पेठेत दुसरा विषय नसायचा. त्यामुळे हाताने खेळायच्या या फुटबॉलवर माझा धाकटा भाऊ आजही फोनवर विचारतो, “ह्याला फुटबॉल म्हणत्यात व्हय रे? पाय लागतोय कुठं चेंडूला?” मलाही आधी तसंच वाटलं होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये, नुकताच शिकागोला आलो होतो तेव्हा, ऑफिसातल्या एकानं सुपर बोल, म्हणजे सीझनचा अंतिम सामना, बघायला घरी बोलावलं. पहिली किक झाली, बेअर्सच्या डेव्हिन हेस्टर नावाच्या पोरानं ती झेलली आणि वाटेतल्या सगळ्यांना चकवत तो थेट पलीकडच्या टोकाला पोचला. पंधरा सेकंदही झाले नव्हते. मी मनात म्हटलं, हे सोपं दिसतंय. तो सामना आम्ही २९-१७ असा हरलो. ‘आम्ही’ म्हणायला मी त्याच रात्री शिकलो.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. ऑफेन्सचा, म्हणजे चढाई करणाऱ्या बाजूचा, जवळपास प्रत्येक डाव त्याच्या हातात चेंडू येऊन सुरू होतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर धावून येत असताना तीनेक सेकंदांत त्यानं ठरवायचं, की कुणाकडे फेकू, स्वतः पळू की चेंडू बाहेर घालवू. त्याच्या हेल्मेटात स्पीकर असतो. डाव कोणता खेळायचा ते बाजूला उभा असलेला कोच त्याच्या कानात सांगतो, आणि डाव सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं त्याचं एकट्याचं. क्रिकेटचा कोच ड्रेसिंग रूममध्ये चहा पीत बसलेला चालतो. इथे तो अक्षरशः पोराच्या कानात बसलेला असतो. म्हणून कोच आणि क्वार्टरबॅक हे मला दोन वेगळे प्रश्न वाटतच नाहीत.

आता आमचं दुखणं. बेअर्स १९२० पासून आहेत, आणि आजच्या ३२ टीमांपैकी ही एकटीच अशी, जिच्या एकाही क्वार्टरबॅकनं एका सीझनमध्ये ४,००० यार्ड फेकलेले नाहीत. एरिक क्रेमरचा १९९५ मधला ३,८३८ यार्डांचा विक्रम २०२४ च्या सीझनपर्यंत आमच्याकडे कुणी मोडला नव्हता. इतरत्र हा आकडा कुणी दखलही न घ्यावी असा झाला आहे. आमचे प्रतिस्पर्धी ग्रीन बे इथून गाडीनं तीन-साडेतीन तासांवर. त्यांच्याकडे १९९२ पासून क्वार्टरबॅक म्हणून फार्व्ह, मग रॉजर्स, मग लव्ह. तीस वर्षांत तीन नावं. जॉर्डन लव्हला २०२० मध्ये घेतला आणि तीन वर्षं रॉजर्सच्या मागे नुसता बसवून ठेवला. आमच्याकडे एवढा धीर कुणाला?

नवे खेळाडू येतात ते ड्राफ्टमधून. कॉलेजातली मुलं, आणि सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिली निवड. न्याय चांगला आहे, पण त्यातच एक खोच आहे. उत्तम पोरगा तुमच्या वाट्याला येतो तो तुम्ही वाईट खेळलात म्हणून. आणि वाईट खेळलात म्हणजे तुमच्या कोचची खुर्ची आधीच डुगडुगत असते. त्या डुगडुगत्या खुर्चीतल्या माणसाच्या हाती तुम्ही बावीस वर्षांचा पोरगा देता.

शिकागोनं हे ओळीनं तीनदा केलं. २०१७ मध्ये ट्रुबिस्कीला घेतलं, तेही जास्तीच्या निवडी देऊन तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर चढून; वर्षाअखेर कोच जॉन फॉक्स यांना काढलं. २०२१ मध्ये फील्ड्स आला; वर्षाअखेर कोच नॅगी यांना काढलं. २०२४ मध्ये केलेब विल्यम्स, देशातली पहिली निवड. कोच इबरफ्लुस यांना वर्षही पुरं करता आलं नाही. तिन्ही पोरांना दुसऱ्या वर्षी नवा कोच, नवं प्लेबुक, नवी परिभाषा. त्याआधीचा क्वार्टरबॅक कटलर आमच्याकडे २००९ मध्ये तयार होऊन आला होता, तरी २०१५ पर्यंतच्या सात सीझनांत त्याचा ऑफेन्स पाच वेगवेगळ्या माणसांनी चालवला. लोक त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा बघून चिडायचे. मला तो कंटाळा समजायचा.

आजोळी कागल तालुक्यात मामांकडे बैल होते. नवा खोंड औताला लावायचा म्हणजे मामा त्याला मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपायचे, आणि कासरा काही महिने दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत. एकदा ते आजारी पडले तेव्हा आठवडाभर कधी सालगडी, कधी शेजारचा कुणी, असं चाललं. खोंड बिथरला तो बिथरलाच. पुढे मामांनी हाक मारली तरी आधी मान फिरवून बघायचा, कोण बोलतंय ते. फील्ड्स चेंडू हातात धरून थबकायचा तेव्हा मला तो खोंड आठवायचा. (हे एकदा ऑफिसात सांगितलं. कुणाला कळलं नाही.)

ट्रुबिस्कीबद्दल एक कबुली देऊन टाकतो. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर पॅट्रिक महोम्स, पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक, गेला, म्हणून आज सगळे शहाणे झाले आहेत. मी त्या रात्री महोम्सचं नाव ऐकून “हा कोण?” असं विचारलं होतं. पण तो गेला कुठे ते बघा. कोच अँडी रीड कॅन्सस सिटीत २०१३ पासून घट्ट बसलेले, आणि पहिलं वर्ष त्याला अॅलेक्स स्मिथच्या मागे ठेवलेलं. तोच पोरगा त्या वर्षी फॉक्स यांच्या हाती पडला असता तर? मला खात्री देता येत नाही.

माझा खरा राग आहे तो जानेवारी २०२४ वर. एक वर्ष आधी आपली पहिली निवड कॅरोलायनाला विकताना आम्ही त्यांची पुढच्या वर्षीची निवड मागून घेतली होती. कॅरोलायना २-१५ (दोन विजय, पंधरा पराभव) अशी कोसळली आणि पुन्हा पहिली निवड आमच्या ओंजळीत पडली. असा योग कुणाला येतो! स्वतः ७-१०, म्हणजे फार वाईटही नाही, आणि तिथेच घात झाला. ‘बरं चाललंय की’ म्हणून इबरफ्लुस यांना ठेवलं. त्या महिन्यात कोच जिम हार्बो मिळण्यासारखे होते, जे स्वतः एके काळी बेअर्सचेच क्वार्टरबॅक. ते लॉस एंजेलिसला चार्जर्सकडे गेले आणि ५-१२ ची टीम त्यांनी एका वर्षात ११-६ केली. मी तेव्हा काय करत होतो? फील्ड्सला ठेवा म्हणून भांडत होतो. म्हणजे मीही चुकीच्याच दाराशी उभा होतो.

पुढचं थोडक्यात, कारण आठवलं की त्रास होतो. ऑक्टोबरपर्यंत चार जिंकले, दोन हरले. मग वॉशिंग्टनमध्ये शेवटच्या क्षणी त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सनं ५२ यार्डांचा देवाच्या भरवशावर फेकलेला पास लागला, आणि त्यानंतर आम्ही ओळीनं हरतच गेलो. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डेट्रॉइटमध्ये तीन गुणांनी मागे, अर्धं मिनिट शिल्लक, घड्याळ थांबवणारा एक टाइमआउट शिल्लक. तो घेतलाच नाही. केलेब बिचारा गोंधळलेल्या दहा जणांना जागेवर लावतोय, घड्याळ धावतंय, आणि बाजूला कोच उभे. आमच्याकडे पाहुणे होते. मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि उगाच भांडी घासली. दुसऱ्या दिवशी इबरफ्लुस यांना काढलं. सीझन चालू असताना कोच काढायची बेअर्सची ही पहिलीच वेळ.

आणि त्याच सामन्यात पलीकडच्या बाजूला डेट्रॉइटचा ऑफेन्स चालवत होते बेन जॉन्सन. जानेवारी २०२५ मध्ये तेच आमचे कोच झाले. माझं मत विचाराल तर तरुण क्वार्टरबॅक हाताशी असेल तेव्हा कोच ऑफेन्सचाच हवा. डिफेन्सवाला कोच वाईट नसतो; वॉशिंग्टनमध्ये डॅन क्विन डिफेन्सचेच, आणि डॅनियल्स पहिल्याच वर्षी १२-५. (ते दोघे एकाच वर्षी आले, हेही बघा.) पण डिफेन्सवाल्या कोचला पोराच्या कानात बोलायला दुसरा माणूस ठेवावा लागतो. तो माणूस कच्चा निघाला तर तुम्ही त्याला काढता, आणि चांगला निघाला तर दुसरी टीम त्याला मुख्य कोच म्हणून उचलून नेते. दोन्हीकडून कानातला आवाज बदलतोच. डेट्रॉइटचं तेव्हा तेच झालं, आणि ते करणारे आम्ही! केलेबच्या कानात पहिल्याच वर्षात दोन आवाज होऊन गेले. जॉन्सन हा तिसरा.

तरी मला जास्त धीर दिला तो मार्च २०२५ मधल्या खरेदीनं. केलेबला २०२४ मध्ये ६८ वेळा आडवा पाडला होता. अडुसष्ट! कुठला पोरगा शिकेल, जर प्रत्येक सामन्यात चार वेळा पाठीवर पडत असेल? त्या वेळी त्याच्यापुढे भिंत म्हणून थुनी, जॅक्सन आणि डॅलमन असे तीन लाइनमन आणले. जर्सीवर यांची नावं कुणी घालत नाही. मी डॅलमनची मागवली. बायको म्हणाली, हा कोण?

२०२५ ची अनंत चतुर्दशी होती ६ सप्टेंबरला, शनिवारी. सोमवारी ८ तारखेला रात्री शिकागोतल्या सोल्जर फील्डवर मिनेसोटाशी सीझनचा पहिला सामना होता. विसर्जनाच्या आधी मोदक दोन जास्त ठेवायचं ठरवलं होतं, कुणासाठी ते विचारू नका. त्या रात्री कुणाला जेवायला बोलावू नये, एवढं घरात सांगून ठेवलं होतं.