गोष्ट संपल्यावरचा अर्धा तास

शनिवार, रात्र

ग्रंथालयात लहान मुलांसाठी गोष्टींचा तास ठरवायचा म्हटलं की सगळी चर्चा गोष्टीभोवतीच फिरते. कोणती सांगायची, कोण सांगणार, बाहुल्या हव्यात का. गोष्ट संपली की सतरंजी गुंडाळायची, हे मात्र न बोलताच ठरलेलं असतं. आलेल्या आईबाबांच्या वाट्याचं निम्मं तिथेच हातचं जातं. गोष्टी वीस मिनिटं, पण त्यानंतर मुलांना खेळायला मोकळं सोडलेला अर्धा तास काढून घेतला तर उरतो तो नुसता कार्यक्रम.

त्या अर्ध्या तासात दीड वर्षाचं मूल ठोकळ्यांत रमतं आणि त्याची आई दुसऱ्या आईशेजारी टेकते. "तुमचा रात्री किती वेळा उठतो?" इथून बोलणं सुरू होतं आणि लसीनंतरचा ताप, पाळणाघर, वरणभात थुंकून टाकणं असं कुठेही जातं. शहरात दोन खोल्यांच्या घरात, माहेर-सासर दोन्ही लांब असताना, असं बोलायला माणूस मिळत नाही. पावसाळ्यात बाग चिखलाने बंद, मॉलमध्ये प्रत्येक खेळाला पैसे. ग्रंथालयात काही विकत घ्यावं लागत नाही आणि मूल रडलं तरी कुणाची माफी मागावी लागू नये. हे दुसरं आपल्या हातात आहे. त्या तासापुरती 'शांतता राखा'ची पाटी बालविभागातून उतरवून ठेवावी आणि वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या आजोबांना वेळ आधीच सांगून ठेवावी.

वेळ सकाळी १०.३० ते ११.३०. बारानंतर मुलं भुकेली आणि झोपाळलेली असतात, तेव्हा उत्तम गोष्टही रडण्यात बुडते. पहिली दहा मिनिटं येण्याची: चपला, ओल्या छत्र्यांची बादली, पाणी, शू. मग वीस मिनिटं गोष्टी, मग अर्धा तास खेळ. सांगणारा एक असेल तर बारा ते पंधरा मुलं पुरेत, आणि प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस हवंच. महिन्यातला एक तास तरी रविवारी ठेवावा, म्हणजे नोकरी करणारे बाबाही सतरंजीवर दिसतात.

सगळ्यात जास्त बिघडतं ते खेळणी उघडी राहिल्यामुळे. चाकांची गाडी एकदा नजरेस पडली की दोन वर्षांचं मूल गोष्टीकडे बघत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. टोपल्यांवर चादर टाकून ठेवायची, ती शेवटच्या गाण्यानंतरच काढायची. गाणं दर वेळी तेच ठेवावं, म्हणजे आता खेळ सुरू होणार हे सांगावं लागत नाही.

पुस्तक कसं धरतात यावर फार काही अवलंबून असतं. सांगणाऱ्याने पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर बसावं, पाठ खिडकीकडे अजिबात नको. मागून उजेड आला की चित्र काळं दिसतं. पुस्तक खांद्याजवळ एका बाजूला, खालून मधोमध आधार देऊन धरायचं आणि पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं. छातीसमोर धरलं की सांगणारा मान वाकवून वाचतो आणि मुलांना त्याचं डोकं दिसतं. पंखा एक नंबरवर, नाहीतर पानं स्वतःच उलटतात. एका तासाला दोन पुस्तकं आणि मध्ये हातवाऱ्यांचं एक बडबडगीत एवढं पुष्कळ झालं.

निदान एक गोष्ट पुस्तकाशिवाय सांगावी. चिऊ-काऊची गोष्ट आजही कुठेच हरत नाही, कारण तिच्यात मुलांना काम आहे. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ दर वेळी "थांब, माझ्या बाळाला..." म्हणते. तिथे थांबायचं. मनातल्या मनात पाच मोजायचे. तिसऱ्या खेपेला कुणीतरी "तीट!" म्हणून ओरडतंच. नवख्या सांगणाऱ्याला ती शांतता सोसवत नाही, तो स्वतःच वाक्य पुरं करतो आणि मुलांच्या तोंडचा शब्द हिरावून घेतो. १९८८ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच दोन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर तपासलं होतं. पालकांना नुसतं वाचून न दाखवता प्रश्न विचारायला आणि उत्तरासाठी थांबायला शिकवलं. महिन्याभरात ती मुलं बोलण्यात पुढे गेलेली दिसली. म्हणून मोठ्यांनीही सतरंजीवरच बसायचं, मागच्या खुर्च्यांवर नाही. तिथे बसलं की हात मोबाइलकडे जातो, आणि थांबायचं कसं हे बघायचं राहून जातं. आजीच्या मांडीवर बसलेलं मूल तर आजीच्या अंगाबरोबर गोष्ट ऐकतं. तिने टाळी वाजवली की तेही वाजवतं.

खेळणी थोडी आणि बिनआवाजी. लाकडी ठोकळे, एकात एक बसणाऱ्या वाट्या, रिकामे डबे. सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती तीन वर्षांखालच्या मुलांजवळ नको, घशात अडकते. चिंचोके आणि गोट्या म्हणूनच बाद. बटणासारख्या चपट्या सेलची खेळणीही नकोत, तो सेल गिळला तर अन्ननलिका आतून भाजते. तोंडात गेलेलं खेळणं वेगळ्या टोपलीत, नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचं. कापडी अस्वलं पावसाळ्यात वाळत नाहीत, कुबट वास धरतात. ती न आणलेलीच बरी.

पुस्तकं नेण्याची नोंदवही खेळ चालू असतानाच उघडी हवी. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. कडेवर मूल घेतलेल्या बाईइतकी त्याची गरज कुणालाच नसेल. काचेच्या कुलूपबंद कपाटात कणे दाखवत उभी असलेली पुस्तकं तिला धुंडाळता येत नाहीत. वीसेक पुस्तकं मुखपृष्ठ समोर ठेवून मुलाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवर मांडावीत. मूल स्वतः उचलतं, आई सही करते, संपलं.

फाटतील या भीतीनेच तर कुलपं लागतात. दोन वर्षांखालच्यांसाठी जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं वेगळी काढावीत आणि चावलेल्या कोपऱ्याचा दंड घेऊ नये. दंड घेतला की ते घर पुढच्या शनिवारी येत नाही. कोपऱ्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून लावली आणि कडा नखाने दाबून घेतली की पुस्तक पुन्हा खालच्या फळीवर जातं.